नकाशात नसलेली गावे : बोरगाव (मेघे), वर्धा नदी आणि संगणकाची कात्री

इतिहासाच्या चर्चांमध्ये एक युक्तिवाद वारंवार भेटतो. अमुक साली छापलेल्या नकाशात हे गाव दिसत नाही, म्हणजे तेव्हा हे गाव नव्हतेच. सोबत जुन्या नकाशाचे छायाचित्र, त्यावर लाल वर्तुळ आणि खाली विजयी मुद्रेची प्रतिक्रिया. नकाशा हा अस्सल पुरावा वाटतो, कारण तो मोजून काढलेला असतो. पण मोजणी आणि छपाई यांच्या मध्ये एक टप्पा असतो, ज्यात मोजलेल्यापैकी बहुतेक गोष्टी जाणीवपूर्वक टाकून दिल्या जातात. या टप्प्याला नकाशाशास्त्रात सामान्यीकरण म्हणतात. गेल्या साठेक वर्षांत हे काम हळूहळू आरेखकाच्या हातातून संगणकाकडे गेले. हा धागा त्या प्रवासाचा आहे आणि उदाहरणासाठी जागा निवडली आहे वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) आणि त्याच्या परिसराची.

आधी जुन्या नकाशाचा हिशेब पाहू. जेम्स रेनेलचा ‘हिंदोस्तान’ हा प्रसिद्ध नकाशा १७८२ सालचा. त्यात विषुववृत्तावरचा एक अंश एका इंचात मावतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सुमारे ४.४ किलोमीटर. आजच्या वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ६,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. रेनेलच्या कागदावर त्याला साधारण सव्वातीन चौरस सेंटिमीटर जागा मिळते, टपाल तिकिटाहूनही कमी. आज या जिल्ह्यात हजाराहून अधिक महसुली गावे आहेत. तिकिटाएवढ्या जागेत हजार नावे कोणताही कोरक्या कोरू शकणार नाही, दहा-बारा कोरली तरी पुष्कळ. अशा कागदावर एखादे बोरगाव आढळले नाही, तर त्यावरून कागदाच्या आकाराविषयी काहीतरी कळते, बोरगावाच्या वयाविषयी काहीच नाही. आणि खुद्द ‘वर्धा’ हे शहर त्या नकाशात शोधणे तर व्यर्थच, कारण १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे ठाणे आले तेव्हा हे शहर आकाराला येऊ लागले. म्हणजे एकाच तिकिटावर दोन प्रकारची अनुपस्थिती आहे : जे नव्हते म्हणून नाही आणि जे होते तरी नाही. नकाशा दोन्ही सारख्याच कोऱ्या जागेने दाखवतो.

या मुलखाचे मोजणीशी असलेले नाते मात्र फार जवळचे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक कर्नल विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि पुढे सुमारे ७८ रेखांशाच्या आसऱ्याने उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी चढवत नेली. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. लॅम्बटनच्या पद्धतीत टेकडीचा माथा किंवा उंच बुरूज असे मोजके बिंदू आधी अतिशय अचूक ठरवले जात. मधली गावे, नाले, वाटा नंतरच्या सर्वेक्षकांनी भरायच्या. दूरचे आणि ठळक आधी, जवळचे आणि बारीक नंतर. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण दीडशे वर्षांनी संगणकाच्या एका प्रसिद्ध रीतीत तो जवळजवळ जसाच्या तसा भेटणार आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाने पुढे देशाची चौकटीत विभागणी केली. चार अंश बाय चार अंशांचा एक क्रमांक, त्यात एकेक अंशाचे सोळा तुकडे, त्या प्रत्येकात पंधरा-पंधरा मिनिटांची आणखी सोळा पत्रके. वर्ध्याचा परिसर ५५ क्रमांकाच्या चौकटीत ‘एल’ या तुकड्यात येतो. गंमत अशी की २०° ४५′ ही अक्षवृत्तरेषा वर्धा शहराला जवळजवळ घासून जाते आणि तीच ५५ एल/९ आणि ५५ एल/१० या दोन पत्रकांमधली सीमा आहे. शहराची ओळख दोन कागदांच्या शिवणीवर आली. दोन पत्रके दोन वेगळ्या हातांनी किंवा वेगळ्या वर्षी रेखली गेली, की शिवणीवर रस्ता केसभर सरकतो, एका बाजूला दाखवलेला नाला दुसऱ्या बाजूला गायब होतो. ज्यांनी जुनी पत्रके शेजारी-शेजारी मांडून पाहिली आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही.

पन्नास हजारांस एक या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. रस्त्याची रेघ अर्ध्या मिलिमीटरची काढली तरी ती पंचवीस मीटर रुंद ठरते, जरी प्रत्यक्षातला रस्ता सहा-सात मीटरचाच असला तरी. रेल्वे, रस्ता आणि नाला शेजारून जात असतील तर तिघांच्या फुगलेल्या रेघा एकमेकांवर चढतात. मग आरेखक रेल्वे जागेवर ठेवून रस्ता थोडा बाजूला ढकलतो आणि रस्त्याकाठची घरे त्याहून बाजूला. अचूक नकाशासाठी थोडे खोटे बोलावे लागते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. निवडणे, वळणे सोपी करणे, जवळच्या वस्त्या जोडणे, महत्त्वाचे ते फुगवणे, अडचणीचे ते सरकवणे, ही सारी कामे शतकभर हाताने झाली. त्यांचे नियम काही प्रमाणात पुस्तिकांमध्ये होते, उरलेले मुरलेल्या आरेखकाच्या बोटांत. अठराव्या शतकातील मोडी लिपीतल्या मराठी नकाशांना प्रमाणच नसे. किल्ला महत्त्वाचा म्हणून मोठा काढलेला, खेडे बिनमहत्त्वाचे म्हणून एका नावापुरते. तिथे निदान निवड उघड्यावर होती.

हे नियम अंकांत मांडायचा विचार १९६० च्या दशकात सुरू झाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात वॉल्डो टोबलर याने १९६६ मध्ये नकाशांच्या सांख्यिक सामान्यीकरणावर निबंध लिहिला. त्याच वर्षी जर्मन नकाशाकार फ्रीडरिश ट्योप्फर आणि वोल्फगांग पिलेवित्सर यांनी निवडीचा ‘मूलक नियम’ इंग्रजीत मांडला. मूलक म्हणजे वर्गमूळ. लहान प्रमाणाच्या नकाशावर किती वस्तू ठेवाव्यात हे दोन्ही प्रमाणांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते, असा तो नियम आहे. पन्नास हजारांस एक या नकाशावर शंभर गावे असतील, तर अडीच लाखांस एक या नकाशावर त्यांपैकी सुमारे पंचेचाळीस उरावीत आणि दहा लाखांस एक या नकाशावर बावीस. मोजदाद पूर्णपणे निर्विकार. हजार गावांचा जिल्हा रेनेलच्या तिकिटावर आणला तर हाच नियम शंभरएक गावे ठेवायला सांगतो. हे अशक्य आहे. ट्योप्फरलाही हे ठाऊक होते, म्हणून चिन्हे किती फुगवली जातात याचे गुणक त्याने नियमाला जोडले.

पण या नियमातली खरी मेख वेगळी आहे. किती गावे ठेवावीत हे तो सांगतो, कोणती ठेवावीत हे सांगत नाही. संगणकाला काहीतरी क्रम लागतो आणि सर्वांत सोपा क्रम म्हणजे लोकसंख्या. आता वर्ध्याच्या पूर्वेच्या एका लहानशा खेड्याचा विचार करा. महात्मा गांधी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले तेव्हा त्याचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागल्याने १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. त्या दशकातल्या राजकीय भारताच्या नकाशात सेवाग्रामाला जागा न देणारा नकाशाकार विरळाच, आणि लोकसंख्येच्या क्रमाने गावे निवडणारा संगणक असता तर ते त्याने पहिल्याच फेरीत गाळले असते. जवळच धाम नदीकाठी पवनार आहे. वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले होते. विनोबांचा आश्रमही तिथलाच. जनगणनेच्या तक्त्यात यांपैकी कशालाच रकाना नाही.

रेषांची गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त रंजक आहे. १९७० च्या सुमारास कागदी नकाशे संगणकात उतरवण्यासाठी त्यांवरून एक यांत्रिक दर्शक फिरवत नेत आणि यंत्र थोड्याथोड्या अंतरावर बिंदू नोंदवी. एका नदीचे हजारो बिंदू होत. साठवणूक महाग होती, त्यामुळे निम्म्याहून अधिक बिंदू फेकायचे, पण नदी नदीसारखी दिसायला हवी. ओटावा विद्यापीठातील डेव्हिड डग्लस आणि सायमन फ्रेझर विद्यापीठातील टॉमस पॉयकर (तेव्हा आडनाव प्यूकर) यांनी १९७३ मध्ये यावर रीत प्रसिद्ध केली. उर्स रामर याने आदल्याच वर्षी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. आज जगातल्या बहुतेक नकाशा-प्रणालींत ती या ना त्या रूपात असते.

ती समजायला वर्धा नदीच घ्यावी. (जाता जाता, वर्धा शहर वर्धा नदीच्या काठी नाही. नदी पश्चिमेला बरीच दूर, जिल्ह्याच्या कडेने वाहते.) नदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणायची. सुतळीपासून सर्वांत दूर गेलेले वळण शोधायचे. ते अंतर आधी ठरवलेल्या मर्यादेहून जास्त असेल तर तो बिंदू पक्का करायचा, सुतळी तिथे खुंटीला अडकवायची आणि दोन्ही तुकड्यांवर हाच खेळ पुन्हा मांडायचा. जिथे सगळी वळणे मर्यादेच्या आत आली तिथे मधले बिंदू टाकून सरळ रेघ. सर्वांत दूरचे ठळक आधी, बारीकसारीक नंतर. लॅम्बटनच्या त्रिकोणांचा क्रम तो हाच, फक्त तिथे मधले तपशील पुढे भरायचे होते, इथे ते टाकून द्यायचे आहेत.

सुतळीला नदी दिसत नाही, केवळ अंतर दिसते. त्यात इतिहासाच्या दृष्टीने धोका आहे. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेव्हापासून ही नदी राज्यांची, पुढे प्रशासनांची आणि आता जिल्ह्यांची सीमा आहे. पलीकडे अमरावती आणि यवतमाळ, अलीकडे वर्धा. नदीच्या अगदी पश्चिम काठावर कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने मानलेले हे गाव, जिथून पालखी पंढरपुराला जाते. सुतळीची मर्यादा ढिली ठेवली तर काठाजवळचे वळण सरळ होते, नदी गावाच्या भलत्या अंगाने जाते आणि कौंडिण्यपूर बिनबोभाट नदीच्या पूर्वेला येते. तहाशिवाय, लढाईशिवाय गाव वऱ्हाडातून बाहेर! नदीची रेष स्वतःपुरती ठीकच असते आणि गावाचा बिंदूही आपल्या जागी अचूक असतो. चूक दोहोंच्या नात्यात झालेली असते आणि जुन्या अल्गोरिदमला नाती तपासण्याची आज्ञाच नव्हती. नंतरच्या प्रणालींत ही तपासणी आली, पण इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी ‘ऐतिहासिक सीमा’ अजूनही अशा सरळ केलेल्या नद्यांवर उभ्या आहेत.

ब्रिटनमधील हल विद्यापीठातील महेश्वरी विश्वलिंगम आणि जे. डी. व्हायट यांनी १९९३ मध्ये दुसरी रीत सुचवली. प्रत्येक बिंदू त्याच्या दोन शेजाऱ्यांशी मिळून एक त्रिकोण करतो. ज्याचा त्रिकोण सर्वांत लहान तो बिंदू रेषेच्या आकारात सर्वांत कमी भर घालतो. त्याला काढायचे, शेजाऱ्यांचे त्रिकोण पुन्हा मोजायचे, पुन्हा सर्वांत लहान काढायचा. सुतळीची रीत टोकदार सुळके जपते, त्यामुळे सोपी केलेली नदी विजेच्या लोळासारखी काटेरी दिसते. त्रिकोणाची रीत मोठी वळणे राखते आणि बारीक खाचखळगे आधी घासून टाकते. वर्धेसारख्या वळणावळणाच्या नदीला दुसरी रीत अधिक शोभते, असे म्हणायला हरकत नाही. मात्र तिच्यातही किती घासायचे हा आकडा माणूसच भरतो.

सीमेचा आणखी एक घोळ याच नदीवर नीट कळतो. वर्धा जिल्ह्याची आकृती वेगळी आणि अमरावतीची वेगळी अशा दोन स्वतंत्र बंद आकृत्या संगणकात ठेवल्या, तर नदीची रेष दोनदा साठवली जाते. दोन्ही आकृत्या वेगवेगळ्या सोप्या केल्या की त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कुठे फट पडते, जी कोणत्याच जिल्ह्यात नाही, तर कुठे पट्टा दोन्ही जिल्ह्यांत मोजला जातो. खातेदारांच्या बांधावरून होणारी भांडणे पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. उपाय जुनाच आहे. सामाईक रेष एकदाच साठवायची आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण आहे एवढे लिहून ठेवायचे. अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९६० च्या दशकाअखेर आपल्या रस्त्यांच्या नोंदी याच विचाराने बांधल्या. २०१२ च्या सुमारास आलेल्या टोपोजेसन या फाइल-प्रकाराने तोच विचार वेब नकाशांत आणला. बांध एकच, नोंद एकच.

विदर्भाला समुद्र नाही, पण सामान्यीकरणाने आकडे कसे बदलतात याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठसठशीत दाखला किनाऱ्यावरच मिळतो. पाठ्यपुस्तके राज्याचा किनारा ७२० किलोमीटर सांगतात. केंद्राच्या जुन्या, १९७० च्या दशकातल्या हिशेबात तो ६५२.६ किलोमीटर होता. अलीकडच्या फेरमोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर भरला. साऱ्या देशाचा आकडा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. कोकणात भूकंप झाला नाही की जमीन वाढली नाही. जुनी मोजणी पंचेचाळीस लाखांस एक या प्रमाणावरची होती, नवी अडीच लाखांस एक या प्रमाणावरची. पहिल्या नकाशात खाड्यांची तोंडे सरळ रेघेने शिवून टाकलेली असतात, दुसऱ्यात ती उघडतात आणि मोजणारा आत-बाहेर फिरून येतो. लुइस रिचर्डसनने हे कोडे नोंदवले होते आणि बेन्वा मांडेलब्रोने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवरच्या लेखात ते जगापुढे आणले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना यातला कोणता आकडा ‘बरोबर’ असा प्रश्न पडतो. तिन्ही आकडे आपापल्या कागदापुरते आहेत. आणि जुना राष्ट्रीय आकडा ज्या प्रमाणावर मोजला गेला ते प्रमाण रेनेलच्या १७८२ च्या नकाशाच्या जवळपास तेच आहे, ही गोष्ट जरा थबकून पाहण्यासारखी आहे.

आता बोरगाव (मेघे). वर्ध्याभोवती ‘मेघे’ हे पद कंसात घेऊन राहणारी गावे अनेक आहेत. सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे). कंस शोभेसाठी नाही. बोरीच्या झाडावरून पडलेली बोरगावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. सिंदी तर याच जिल्ह्यात दोन : शहराला खेटलेली सिंदी (मेघे) आणि सेलू तालुक्यातली सिंदी (रेल्वे). नावाला जागा कमी पडली की नकाशाची प्रणाली बहुधा आधी कंस टाकते आणि मग जे उरते त्यातून कोणती सिंदी ते कळायला मार्ग नसतो. दोन यादींतली गावे नावावरून जुळवणारा संगणक त्यांना एकच समजला तर दोष त्याचा मानता येणार नाही. टपालखात्याला सेगाव आणि शेगाव वेगळी ठेवण्यासाठी गावाचे नावच बदलून मिळाले. इथे कंसावर भागवावे लागते.

शिवाय वस्ती जोडण्याची रीत असते. इमारतींचे पुंजके एकत्र करण्यासाठी संगणक प्रत्येक पुंजका सर्व बाजूंनी ठरावीक अंतराने फुगवतो. जे एकमेकांना भिडतात ते एक होतात, मग सगळे पुन्हा तेवढेच आकसवले जाते. तव्यावर जवळजवळ घातलेली धिरडी पसरून एकमेकांना चिकटतात आणि मग उलथन्याने कडा कितीही आत ओढल्या तरी ती पुन्हा सुटी होत नाहीत, तसे. शहराला लागून असलेल्या गावांच्या बाबतीत हे फार लवकर घडते. परिणामी एकच करडा डाग उरतो आणि त्यावर एकच नाव येते, वर्धा. जमिनीवर गावाची हद्द तशीच असते. महसुली नोंद, सातबारा, मतदार यादी सगळे वेगळे. नकाशावर मात्र ते शहरात विरघळलेले असते. दूरच्या माळावर एकटे असलेले शंभर उंबऱ्यांचे खेडे याच नकाशावर नावासह टिकते, कारण त्याच्याभोवती मोकळी जागा आहे. मोठ्या शहराशेजारची दाट वस्ती गाळली जाणे आणि एकाकी वस्ती टिकणे, ही विसंगती लहान प्रमाणाच्या जवळपास प्रत्येक नकाशात शोधता येते. शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक आजचा दहा लाखांस एक नकाशा उघडून ‘२०२५ मध्ये बोरगाव (मेघे) नव्हते’ असा निष्कर्ष काढू शकतो. त्या निष्कर्षाच्या आणि आज लाल वर्तुळ काढणाऱ्याच्या निष्कर्षाच्या तर्कात तसूभरही फरक नाही.

हे केवळ विद्वानांचे दुखणे नाही. विदर्भात शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेला पांदण म्हणतात. गावाच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशात पांदण दाखवलेली असते, पन्नास हजारांस एकच्या पत्रकात ती क्वचित उरते, त्याहून लहान प्रमाणात तर नाहीच. वाटेवर कुणी नांगर फिरवला आणि वाद उभा राहिला तर ‘नकाशात नाही’ हे वाक्य ऐकू येते. कोणत्या नकाशात, हा प्रश्न तिथेही इतिहासाच्या वर्गाइतकाच लागू पडतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने चित्रण होऊन पाचशेस एक या प्रमाणाचे नकाशे बनतात. त्यात एक मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर, घराची पायरीसुद्धा दिसावी इतके. पाचशेस एकवरून पन्नास हजारांस एकपर्यंत येताना शंभर पट कात्री चालते आणि ती चालवायला एवढे आरेखक आता कुठेच उरलेले नाहीत.

म्हणून हे काम यंत्राकडे जाणे अटळ होते. नेदरलँड्सच्या भूमापन संस्थेने २०१३ मध्ये दहा हजारांस एकच्या माहितीतून पन्नास हजारांस एकचा साऱ्या देशाचा नकाशा माणसाच्या हाताच्या दुरुस्तीशिवाय तयार करून दाखवला. ते फार मोठे यश होते, आणि त्यामागे कोणत्या गोष्टी गाळायच्या यावर नकाशाकारांनी घातलेली वर्षे होती. भारतात फेब्रुवारी २०२१ च्या धोरणाने नकाशे आणि भूस्थानिक माहिती वापरण्यावरची बरीच बंधने उठली, त्यामुळे असे प्रयोग करायला इथेही वाव मिळाला आहे.

भ्रमणध्वनीवरचा नकाशा तर प्रत्येक बोटाच्या चिमटीला नवे प्रमाण घेतो. जग पूर्ण दिसेल अशा पातळीपासून प्रत्येक पायरीवर प्रमाण दुप्पट होत जाते आणि प्रत्येक पायरीवर कोण दिसेल ते आधीच ठरलेले असते. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ मध्ये सुरू झालेल्या स्वयंसेवी नकाशात प्रत्येक वस्तीला एक खूण लावलेली असते : सिटी, टाउन, व्हिलेज, हॅम्लेट. टाउनचे नाव आधीच्या पायरीवर उमटते, व्हिलेजचे त्यानंतर, हॅम्लेटचे आणखी जवळ गेल्यावर. शहराला लागलेल्या गावाला यांतली कोणती खूण द्यावी यावर स्वयंसेवकांत मतभेद होतात. एकाने खूण बदलली की बोरगावासारखे गाव एक-दोन पायऱ्या आधी दिसू लागते किंवा नंतर. सर्वेक्षण विभागाच्या आरेखकाने १९२० किंवा १९६० साली कोणते खेडे का सोडले याची टिपणे सहसा उरत नाहीत. इथे मात्र प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि करणाऱ्याच्या टोपणनावासह साठवलेला असतो आणि तो कुणालाही उघडून पाहता येतो.